शिओनचे काळे केस

माझं खरं नाव तोशिको निशिवाकी. मुलींच्या चित्रकथांच्या मासिकात मात्र कोहारु अमामिया असं छापतात आणि नावाच्या शेवटी एक चिमुकलं फूल असतं. ते फूल माझ्या पहिल्या संपादकाची करामत. शाळकरी मुलींना वाटतं, ही कोहारुताई विशीतली असणार, झालरींचा फ्रॉक घालत असणार. प्रत्यक्षात मी सत्तेचाळीस वर्षांची बाई आहे. मानेला दुखण्याची पट्टी, पायात दोन-दोन मोजे, केस पेन्सिलीनं वर खोचलेले. मुलींनी मला बघितलं तर मासिक बंद पाडतील.

चिनात्सु कुरोइवा माझ्याकडे सहाय्यक म्हणून आली तेव्हा चोवीस वर्षांची होती. नीगाताकडची. बाकीच्या मुली नमुना म्हणून डोळे काढून आणतात, हे एवढाले, चांदण्या भरलेले. हिनं नुसती कपड्यांची चित्रं आणली होती. आणि पहिल्याच आठवड्यात मला, वीस वर्षं झालरी काढणाऱ्या बाईला, सांगते कशी, "बाई, गिरकी घेतली की झालर आधी मागे राहते आणि मग येते. तुमची झालर मुलीच्या आधीच वळते." मला राग आला. मग मी तिनं दाखवल्यासारखी काढून बघितली आणि तशीच ठेवली. तुला कसं माहीत म्हणून विचारलं, तर म्हणाली की नाचले आहे.

तेव्हा माझी 'मधोमध रुरी' चालू होती. रुरी मासळीवाल्याची मुलगी. केस आखूड, चालणं दांडगट. ती पाच जणींच्या गायक-आयडॉल संघात येऊन पडते आणि हळूहळू मुलीसारखं वागायला शिकते. मंचावर मधली जागा सगळ्यात मानाची, तिथं सगळ्या तिलाच ढकलतात. ती स्वतः कधीच मागत नाही. आमच्या मासिकाचा हा न लिहिलेला नियम आहे. गोड मुलीला सगळं न मागता मिळतं, आणि जी उघड म्हणते की मला हवंय, ती वाईट. हा नियम मी कधी तपासून पाहिला नाही. त्याच्यावरच माझं पोट चाललं.

आमचे संपादक मोगामी. एकतीस वर्षांचा सडाफटिंग माणूस. मुलींच्या मनातलं त्यांना जे काही कळतं ते सगळं मासिकात चिकटवलेल्या कार्डांवरून. आवडलेल्या तीन कथा लिहा आणि कार्ड पोस्टात टाका, असं त्यावर असतं. तळाला गेलेल्या कथेचा गाशा गुंडाळतात. त्या वर्षी सोळा कथांत रुरी चौदावी होती. एक दिवस मोगामी महागाचा केक घेऊन आले. संपादक विनाकारण केक आणतो तेव्हा काय समजायचं ते आम्हाला कळतं. माझी दुसरी सहाय्यक ओबाता, जिला खाण्यापुढे काही सुचत नाही, तिनंसुद्धा तुकडा ताटलीतच ठेवला.

मोगामींचं म्हणणं असं की रुरी गोडच गोड झाली आहे, एक वाईट मुलगी हवी. मुलींना वाईट मुलगी लागते. मी विचारलं, हे तुम्हाला कुठल्या मुलीनं सांगितलं? ते कानापर्यंत लाल झाले आणि म्हणाले, कार्डांनी. मग खाली बघत सांगितलं की तीन अंक आहेत, तेवढ्यात काही झालं तर ठीक.

आठवडाभर मी वाईट मुलगी शोधत बसले. सुचेना. त्या दिवशी ओबाता सर्दीनं घरी होती. दुपारची वेळ. चिनात्सु समोर बसून राखाडी ठिपक्यांच्या चिकट कागदावर पात्याची टोकं फिरवत होती, म्हणजे त्यातून ढग उमटतात. आम्ही त्याला टोन म्हणतो. मी आपली कुरकुरत होते की वाईट मुलगी नेमकं काय करते, मला कळत नाही. चिनात्सुनं मान वर न करता सांगायला सुरुवात केली.

ती अठराची असताना त्यांच्या गावच्या एका छोट्या आयडॉल संघात होती. सहा मुली, बाजारपेठेच्या मंडपात नाचायच्या, समोर दोनशे माणसं. मधली जागा फुयुमी इगाराशीची. फुयुमी तिची जिवाभावाची मैत्रीण. संघात कुणी मुलाबरोबर फिरायचं नाही, हा कायदा. फुयुमी भाताच्या कुरकुऱ्या बनवणाऱ्या कारखान्यातल्या एका मुलाला भेटायची, आणि ते फक्त चिनात्सुला ठाऊक होतं. एक दिवस तालमीच्या हॉलबाहेर मॅनेजरचे बूट ठेवलेले होते. चिनात्सुनं चिठ्ठी लिहिली आणि उजव्या बुटात घालून ठेवली.

पुढच्या रविवारी फुयुमीला मंचावर एकटीला उभं केलं. तिनं दोनशे माणसांपुढे कमरेत वाकून माफी मागितली आणि ती संघातून गेली. जाताना कपडे बदलायच्या खोलीत तिनं आपल्या पिनांचा डबा चिनात्सुच्या हातात दिला. म्हणाली, "दुसऱ्या गाण्यात पाठीचा हूक सुटतो. आधीच पिन लावून ठेव." पुढे अकरा महिने चिनात्सु मधल्या जागेवर नाचली, पाठीला ती पिन लावून.

"मी कुणाला सांगितलं नाही, बाई," ती म्हणाली. "फुयुमीलाही नाही. तुम्हालाच."

मी तिला चहा दिला. अगं, अठरा म्हणजे काय वय असतं, म्हणाले. पाठीवरून हात फिरवला. ते सगळं मनापासून होतं, खोटं नाही सांगत. पण सहाला ती घरी गेली, आणि दार लागल्या लागल्या मी एका जाहिरातीच्या कागदाच्या पाठीवर ते पिनेचं वाक्य लिहून ठेवलं. विसरायला नको म्हणून.

मग शिओन आली. लांब, सरळ, काळेभोर केस. गोड हसते, आणि मॅनेजरच्या बुटात चिठ्ठी टाकते. गाव मी बदललं. कारखान्यातल्या मुलाला फुलांच्या दुकानात नेऊन बसवलं. बूट राहू दिला, आणि पिनांचा डबा, आणि ते वाक्य जसंच्या तसं. असं वाक्य बसून सुचत नाही. कुणाच्या तरी तोंडून पडावं लागतं, ते पडलं होतं, आणि ते सोडून देण्याइतकी मी चांगली बाई नाही.

ती पानं मी चिनात्सुकडेच दिली. ओबाताला देता आली असती. पण ओबाताचा हात केसांना जड आहे, आणि चिनात्सु काळ्यात जी पांढरी चमक सोडायची तशी कुणाला जमायची नाही. आमच्यात जिथं काळं भरायचं तिथं निळ्या पेन्सिलीनं बारीक फुली मारतात. निळं छपाईत उमटत नाही. शिओनच्या डोक्यावर मी पानोपानी फुल्या मारल्या आणि गठ्ठा तिच्या टेबलावर ठेवला. तिनं पहिलं पान वाचलं. दुसरं वाचलं. चौदाव्यावर पिनांचा डबा होता. मी उगाचच खोडरबरानं एक स्वच्छ कोपरा पुसत बसले होते.

चिनात्सुनं दौत उघडली. मग विचारलं, "बाई, चमक कुठल्या बाजूनं?"

"डावीकडून," मी म्हणाले.

बस. तेवढंच. तिनं भरलं. दोन दिवसांत एकशेबारा चौकटींतले केस भरले आणि त्यातली एकही चौकट मला परत करावी लागली नाही. तिनं आरडाओरडा केला असता, निघून गेली असती, तर मी हातापाया पडले असते. ती काही बोलली नाही, म्हणून मीही समजून चालले की तिला चालतं. स्वतःच्या सोयीचं समजून घेण्यात मी पहिल्यापासून हुशार.

रुरी चौदाव्यावरून पाचवी आली, मग दुसरी. मोगामी आता फळं घेऊन यायचे. मुलींना शिओन इतकी नकोशी झाली की टपालाला ऊत आला. शिओनला हाकला. शिओन मरू दे. कागोशिमाच्या एका तिसरीतल्या मुलीनं शिओनचं चित्र कापून डोळ्यांत टाचणीनं भोकं पाडून पाठवलं होतं. टपाल लावण्याचं काम चिनात्सुचं. चित्रांची वेगळी, उत्तर हवं असलेल्यांची वेगळी. ते भोकं पाडलेलं चित्रही तिनं नीट सरळ करून चित्रांच्या गठ्ठ्यात लावलं.

पुढे रुरीचा खंड निघाला. आमच्या पुस्तकांत कडेला उभी रिकामी पट्टी सुटते. तिथं लेखिका वाचकांशी चार गप्पा मारते, मांजराचं सांगते, मदतनिसांचे आभार मानते. मी लिहिलं, 'कपडे आणि केस: नीगाताची चिनात्सु कुरोइवा. ती नसती तर शिओन झाली नसती.' मला वाटलं, केवढा मान दिला मी पोरीला. त्यातला अर्थ मला छापून आल्यावर कळला, तोही दुसऱ्या कुणीतरी कळवला म्हणून.

मार्चच्या चौदा तारखेला प्रकाशकाकडून टपालाचं मोठं पाकीट आलं. चिनात्सुनं लावून दिलं. उत्तर हवं असलेल्यांत सगळ्यात वर एक साधं पांढरं पाकीट होतं. मागे नाव: फुयुमी इगाराशी. पत्ता नाही. पत्र छोटंच होतं. ती लिहीत होती की शेजारच्या मुलीकडून पुस्तक हातात आलं. ते पिनेचं वाक्य मी आयुष्यात एकाच मुलीला म्हटलं होतं, आणि तिचं नाव तुमच्या पट्टीत आहे. म्हणजे चिठ्ठी कुणी टाकली तेही आता कळलं. मी रागावलेली नाही, बरीच वर्षं झाली. मला फक्त तिच्या तोंडून ऐकायचं आहे, आणि तिला एकदा बघायचं आहे. नवऱ्याची बदली चिलीला झाली, घर रिकामं केलं, बावीस तारखेला आम्ही जातो. वीस तारखेला, विषुवदिनाच्या सुट्टीला, मी उएनो स्टेशनच्या बागेकडच्या दारापाशी अकरापासून तीनपर्यंत उभी राहीन. कृपा करून तिला सांगा.

एकवीस तारखेला माझी पानं द्यायची होती. पहिल्यांदाच रंगीत, पहिल्यांदाच मुखपृष्ठावर, आणि सबंध अंकभर शिओन. चिनात्सुनं हे पत्र वाचलं तर तिचा हात चालणार नाही, हे मला दिसत होतं. मी पत्र टोनच्या खणात तळाशी ठेवलं. उद्या देईन म्हटलं. मग सोळा झाली, अठरा झाली. वीस तारखेला सकाळी मी स्वतः जाऊन ओहागी आणले, विषुवाला घरोघरी होतात ते, गोड पुरणात गुंडाळलेले भाताचे गोळे. चिनात्सुला मोठे दोन दिले. तिनं दोन्ही खाल्ले आणि हात धुऊन परत बसली.

बाराच्या सुमारास ठिपक्यांचा टोन संपला. तो उएनोजवळच्या एकाच दुकानात मिळतो आणि नेहमी चिनात्सुच आणते. ती उठली, पैशांचं पाकीट घेतलं, दारात बसून बूट घातले. मी म्हणाले, "तू नको. ओबाता जाईल."

ओबाता चकित झाली. ती आजवर कधी गेली नव्हती. चिनात्सुनं एकदा माझ्याकडे बघितलं. मग बूट काढले, टोकं दाराकडे करून नीट लावून ठेवले आणि आत आली. ओबातानं दुप्पट वेळ लावला आणि आणला तो चुकीचा टोन. तीन वाजून गेले तेव्हा मी घड्याळाकडे बघितलं आणि मला सुटल्यासारखं वाटलं. याची मला आज सगळ्यात जास्त लाज वाटते. सुटल्यासारखं वाटलं.

पानं वेळेवर गेली. चार-पाच दिवसांनी आम्ही दोघी कपबशा विसळत होतो. चिनात्सु पुसत होती. म्हणाली, "बाई, फुयुमीचं पत्र आलं होतं ना? टपाल मीच लावलं होतं."

माझ्या हातातला कप नळाला आपटला. मला सुचलंच नव्हतं. पाकीट तिच्या हातून माझ्याकडे आलं होतं, मागचं नाव तिनं वाचलं होतं, वर तिनंच ठेवलं होतं. पाकिटावर नाव माझं, म्हणून तिनं ते फोडलं नाही. तेव्हापासून रोज ती माझ्यासमोर बसून केस भरत होती आणि मी कधी बोलते याची वाट बघत होती. बूट घातले तेव्हाही.

"त्यात मला शिव्या असतील," ती म्हणाली. "मला वाईट वाटू नये म्हणून तुम्ही दिलं नाहीत. हो ना?"

तिनं आपणहून मला वाट काढून दिली. मी त्या वाटेनं गेले. हो म्हणाले. चिनात्सुनं ओला फडका बाजूला ठेवला, कमरेत वाकली आणि माझे आभार मानले. कुणीतरी थोबाडीत मारावी तर बरं, असं मला झालं, पण मारणार कोण? मी दुसरा कप घेतला आणि धुतला.

त्यानंतर रुरी अडीच वर्षं चालली. शिओनला शेवटी पश्चात्ताप झाला, वाचकांनी तिला माफ केलं, दोघी हात धरून मंचावर नाचल्या. ती चौकट भरताना चिनात्सु पुटपुटली की असं होतं वाटतं कुठे कुठे. मी ऐकलं नाही असं दाखवलं. पत्र टोनच्या खणात तळाशीच होतं. वरचे टोन मी स्वतःच संपवायची, तिला खण उघडू द्यायची नाही.

शेवटच्या खंडाची पट्टी पाठवायची राहिली होती त्या दिवशी चिनात्सु निरोप घ्यायला आली. ती आता एका शिवणकामाच्या कारखान्यात नमुने काढणार होती. येताना माझ्यासाठी बाह्यांवर घालायच्या खोळी शिवून आणल्या होत्या, शाई लागू नये म्हणून. काय सुरेख शिवल्या होत्या. म्हणाली, "बाई, फुयुमीच्या वेळी तुम्ही मला सांभाळलंत. ते मी विसरणार नाही."

मला पुढे बसवेना. उठले, खण सगळा जमिनीवर पालथा केला आणि पत्र तिच्या हातात दिलं. तिनं उभ्या उभ्या वाचलं. परत पहिल्यापासून वाचलं.

"वीस मार्च," ती म्हणाली. "टोन संपला होता तो दिवस."

"हो."

"मी बूट घातले होते."

"हो," मी म्हणाले. "मला माहीत होतं. पानं राहिली असती म्हणून मी दिलं नाही. त्यात शिव्या नव्हत्याच."

मी खाली बसले आणि कपाळ चटईला टेकवलं. माफ कर म्हणाले, किती वेळा ते आठवत नाही. वरून तिचा आवाज आला. अगदी नेहमीचा आवाज, टोन कुठला लावू विचारते तसा.

"उठा, बाई. फुयुमीलाही असंच वाकवलं होतं. त्यानं कुणाला काही मिळालं नाही."

मी उठले. टेबलावर पट्टीचा कागद होता. त्यावर मी सकाळीच माझ्या सुंदर अक्षरात लिहिलं होतं, 'चिनात्सु कुरोइवा, इतकी वर्षं तू माझ्याजवळ राहिलीस. मनापासून आभार.' तिनं ते वाचलं. माझ्या केसांत खोचलेली पेन्सिल काढून घेतली. निळीच होती. त्या ओळींवर तिनं फुली मारली, बारीक, जशी मी मारायची तशी. दौतीचं झाकण उघडून ती माझ्याकडे सरकवली.

"चमक ठेवू नका," ती म्हणाली.

पत्र घडी करून तिनं पिशवीत ठेवलं, दारात बसून बूट घातले आणि गेली. मी कुंचला घेतला. कितीतरी वर्षांनी स्वतः काळं भरत होते, कडा वेड्यावाकड्या झाल्या. मोगामींनी विचारलं हे काय, तर म्हटलं असंच छापा. तसंच छापलं.

आता मुलींची पत्रं येतात. कोहारुताई, शेवटच्या पट्टीत काळ्याखाली काय लिहिलंय? काही जणी पान उजेडाला धरून बघतात, काहींनी पुसून बघितलं तर कागद फाटला. टपाल आता मीच लावते. प्रत्येक पाकीट आधी उलटं करते आणि मागचं नाव वाचते.